अठरा पायऱ्यांचं गणित

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर बांधायला काढलं की नवरा-बायको रात्र रात्र जागून कागदावर रेघोट्या मारत बसतात. देवघर कुठं, ओटा कोणत्या दिशेला, हॉलमध्ये सोफा बसेल का, खिडकीतून सकाळचं ऊन येईल का. सगळं ठरतं. आणि मग एका कोपऱ्यात उरलेल्या जागेत एक चौकोन काढून त्यात आडव्या रेघा मारतात आणि म्हणतात, ‘‘इथं जिना.’’ गेली तीसेक वर्षं मी घरांच्या बांधकामांवर देखरेख करतो आहे. उरलेल्या जागेत बसवलेला जिना मी इतक्या घरांत पाहिला आहे, की आता कुणी आराखडा पुढं ठेवला तर माझी नजर आधी त्या चौकोनाकडंच जाते.

खोली लहान झाली तर माणूस सामान कमी करतो. खिडकी चुकली तर पंखा लावतो. जिना एकदा काँक्रीटमध्ये ओतला, की तो बहुधा घराच्या आयुष्यभर तसाच राहतो. आणि त्यावरून घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा जातं. हातात पाण्याची बादली घेऊन, कडेवर मूल घेऊन, लाइट गेलेले असताना.

पूर्वीच्या वाड्यांमधले जिने आठवा. भिंतीच्या जाडीतच काढलेले, अरुंद, अंधारे, नऊ-नऊ, दहा-दहा इंचांच्या उभ्या पायऱ्या आणि हाताला धरायला वरून सोडलेला एक दोर. एका वेळी एकच माणूस वर यावा, वरून झडप टाकली की वाट बंद व्हावी, असा त्यात संरक्षणाचा हिशेब होता. आपल्याला आता झडप टाकायची नाही. तरीही नव्या बंगल्यात तसलाच उभा जिना दिसतो, तो केवळ हॉल दोन फूट मोठा मिळावा म्हणून.

आता मूळ हिशेबाकडं येऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, नसेल तरी अवघड नाही.

पायरीची दोन मापं असतात. उभी बाजू, तिला आपण रायझर म्हणू. आणि पाऊल ठेवायची आडवी बाजू, ती ट्रेड. ट्रेड मोजायचा तो एका पायरीच्या नाकापासून पुढच्या पायरीच्या नाकापर्यंत. हे मुद्दाम सांगतो, कारण फरशी बसवणारा सांगतो, ‘‘अकरा इंची दगड टाकलाय साहेब.’’ त्यातला एक इंच वरच्या पायरीच्या नाकाखाली दडलेला असतो. हिशेबाला धरायचे ते दहाच.

या दोन मापांचं एकमेकांशी नातं आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये फ्रान्स्वा ब्लाँडेल नावाचे वास्तुतज्ज्ञ होते. १६७१ साली तिथं वास्तुकलेची राजमान्य अकादमी सुरू झाली, तिचे ते प्रमुख. त्यांनी साधा विचार केला. सपाट जमिनीवर माणसाचं एक पाऊल सुमारे दोन फुटांचं पडतं. वर चढताना तेवढ्याच उंचीला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून रायझरची दुप्पट आणि त्यात एक ट्रेड मिळवला, की एका पावलाइतकं माप यायला हवं. त्यांच्या फ्रेंच इंचात ते चोवीस होतं, आजच्या मापानं सुमारे ६५ सेंटिमीटर. साडेतीनशे वर्षं होत आली, जगभरचे लोक थोड्याफार फरकानं अजून हेच सूत्र वापरतात. आपल्या अंगलटीच्या माणसांना ६० ते ६३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या इंचांत चोवीसच्या आसपास, बरं पडतं असा माझा अनुभव. सात इंच रायझर आणि दहा इंच ट्रेड घेतला तर सात दुणे चौदा आणि दहा, चोवीस. सहा इंच रायझर आणि बारा इंच ट्रेड, तरी चोवीसच.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनं राहत्या घरासाठी मर्यादा घातली आहे. रायझर १९० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा जास्त नको आणि ट्रेड २५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे दहा इंचांपेक्षा कमी नको. जिन्याची रुंदी साधारण एक मीटर. त्या त्या गावच्या नियमावलीत लहान घरांना काही सवलत असते, ती पाहून घ्यावी. पण सवलत आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे असं नाही.

आता एक घर प्रत्यक्ष मोजू. तळमजल्याच्या तयार फरशीपासून पहिल्या मजल्याच्या तयार फरशीपर्यंत साडेदहा फूट उंची आहे असं समजा. म्हणजे १२६ इंच. सातनं भागलं की अठरा. अठरा रायझर. मधे वळणारा, आपण ज्याला डॉगलेग म्हणतो तो जिना घेतला, तर नऊ खाली, नऊ वर. नऊ रायझरच्या फ्लाइटमध्ये ट्रेड किती? आठ. नववं पाऊल चौथऱ्यावर पडतं. इथं भलेभले गोंधळतात. आठ ट्रेड, प्रत्येकी दहा इंच, म्हणजे ८० इंच. त्यात चौथरा सव्वातीन फूट, म्हणजे ३९ इंच. झाले ११९ इंच, एक इंच कमी दहा फूट. रुंदीला सव्वातीन फुटांच्या दोन फ्लाइट आणि मधे चार इंचांची फट, म्हणजे सहा फूट दहा इंच. ही झाली भिंतीच्या आतली मापं. शिवाय पहिल्या पायरीसमोर उभं राहायला निदान तीन फूट मोकळी जागा हवी, ती वेगळी. तिथं दार उघडत असेल तर कुणाचं तरी कपाळ ठरलेलं.

म्हणजे सात बाय दहाची एक अख्खी खोली जिन्याला गेली. हे ऐकलं की मालकांचा चेहरा पडतो. ‘‘साहेब, दोन पायऱ्या कमी केल्या तर?’’ हा प्रश्न नेमका तेव्हा येतो.

पायऱ्या कमी केल्या तर काय होतं, ते मी एका घरात पाहिलं आहे. घर माझ्या देखरेखीखालचं नव्हतं, बांधून झाल्यावर मला बोलावलं होतं. वीस फूट रुंदीचा प्लॉट, निवृत्त शिक्षकांचं घर. उंची हीच, साडेदहा फूट. त्यात चौदा पायऱ्या बसवलेल्या. म्हणजे एकेक पायरी नऊ इंचांची. ट्रेड साडेआठ इंच, आणि वळणावर चौथरा न देता तिकोनी पायऱ्या. त्यामुळं हॉल अडीच-तीन फुटांनी वाढला होता आणि खरोखर देखणा झाला होता. आईला त्यांनी घरातली सगळ्यात चांगली खोली दिली होती. वरची, पूर्वेची, गॅलरी असलेली.

दोन वर्षांत आजींचे गुडघे गेले. चढताना त्या दोन्ही हात टेकून चढायच्या. उतरणं त्याहून अवघड. साडेआठ इंचांच्या पायरीवर मोठ्या माणसाचं पाऊल पूर्ण मावत नाही, म्हणून आडवं उतरावं लागतं, आणि वळणावरच्या तिकोनी पायरीवर आतल्या अंगाला तर चार बोटंही जागा नसते. एकदा त्या घसरल्या, नशिबानं मोडलं काही नाही, पण धसका बसला. मग त्यांनी खाली येणं सोडलं. जेवणाचं ताट वर जायला लागलं. मी गेलो तेव्हा त्यांना खाली येऊन आठ महिने झाले होते. मला म्हणाल्या, ‘‘मला कुठं बाजारात जायचं नाही. तुळशीपर्यंत जाता आलं तरी पुरे. तेवढं बघा.’’

बघितलं. जिना पाडून नवा करायला लांबी नव्हती. एका बाजूला बीम, दुसऱ्या बाजूला हद्दीची भिंत. शेवटी हॉलमध्येच आडवी भिंत घालून आजींसाठी खोली काढली. त्यांना खाली आणायचं ठरलं त्या दिवशी दोन नातवांनी खुर्चीत बसवून उचललं, तर खुर्ची वळणावर वळेना. खुर्ची तिथंच ठेवून एका नातवानं त्यांना पाठुंगळी घेतलं.

म्हणून मी आता कुणाच्याही आराखड्यावर आधी विचारतो: घरात आजारी माणूस असेल तर त्याला खुर्चीत बसवून या जिन्यावरून खाली आणता येईल का? हा प्रश्न वास्तुशांतीच्या आधी विचारायला लोकांना अशुभ वाटतो. मग मी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो: साडेसहा फुटी लोखंडी कपाट वर कसं नेणार? हे लगेच पटतं. कपाट वळतं तिथं खुर्चीही वळते. त्यासाठी चौथरा फ्लाइटच्या रुंदीइतका चौरस हवा आणि त्यात तिकोनी पायरी नको.

घरात वडीलधारी माणसं असतील, किंवा आपणही कधीतरी सत्तरीचे होणार याची कल्पना असेल, तर वरच्याच उदाहरणात अठराऐवजी वीस रायझर घ्या. १२६ भागिले २० म्हणजे ६.३, गवंड्याच्या भाषेत सहा इंच अडीच सूत. ट्रेड अकरा इंच. दहा अधिक दहा रायझर, नऊ ट्रेड, म्हणजे ९९ इंच आणि चौथरा ३९. साडेअकरा फूट. आधीच्यापेक्षा एक फूट सात इंच जास्त. गुडघ्यांचा फरक या एक फूट सात इंचांत आहे.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे जुन्या लोकांना माहीत असेल. जिन्यात हे सूत फार महत्त्वाचं. कारण माणूस जिना डोळ्यांनी चढतच नाही. पहिल्या दोन पायऱ्यांना पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढं पाय आपोआप तेवढाच उचलला जातो. मधली एखादी पायरी जराशी उंच असली, की पायाचा अंगठा अडतो. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या छत्तिसाव्या रस्त्यावरच्या सबवे स्थानकात अशी एक पायरी होती, इतरांपेक्षा इंचाच्या काही भागानंच उंच. २०१२ साली एकानं तिथं लोक एकामागोमाग एक ठेचकाळतात त्याचं चित्रण करून दाखवलं. धडधाकट, तरुण माणसं, त्याच पायरीवर. चित्रण पसरल्यावर तो जिना दुरुस्त झाला. अमेरिकेच्या घरबांधणीच्या नियमांत एका फ्लाइटमधल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत तीन सुतांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

आपल्याकडं हा फरक कुठून येतो? बहुतेक वेळा पहिल्या आणि शेवटच्या पायरीतून येतो, आणि तो गवंड्याच्या हाताचा दोष नसतो. हा मुद्दा जरा सावकाश सांगतो.

जिन्याचं काँक्रीट होतं तेव्हा फरशी कुठंच बसलेली नसते. सेंटरिंगवाला कच्च्या जमिनीपासून कच्च्या स्लॅबपर्यंत मोजतो आणि सरळ अठरा भाग करतो. प्रत्येक सात इंच. दिसायला अगदी बरोबर. पुढं तळमजल्यावर कोबा आणि फरशी मिळून तीन इंच चढतात. पायरीवर मात्र कोटा किंवा ग्रॅनाइट, मसाल्यासकट दीड इंच. आता पहिली पायरी मोजा. खालून जमीन तीन इंच वर आली, पायरी दीडच इंच वाढली. सातची साडेपाच झाली. मधल्या सगळ्या सातच राहिल्या, कारण प्रत्येकीवर सारखाच थर आहे. शेवटी वरच्या मजल्यावर पुन्हा फरशीचे तीन इंच. तिथली पायरी साडेआठ झाली. एकाच जिन्यात साडेपाच, सात आणि साडेआठ! आणि ती साडेआठची नेमकी वरच्या टोकाला, जिथून रात्री उतरायला सुरुवात होते. पडझड उतरताना जास्त होते, हे लक्षात घ्या.

यावर उपाय फुकट आहे. काँक्रीटच्या आधी दोन्ही मजल्यांच्या आणि पायरीच्या फरशीची जाडी ठरवायची. मग वरच्या हिशेबात पहिली कच्ची पायरी साडेआठ इंचांची ओतायची, शेवटची साडेपाचची आणि मधल्या सातच्या. सेंटरिंग पाहताना कुणालाही हे चुकीचं वाटेल. मिस्त्री तुम्हाला वेड्यात काढतील. काढू द्या. फरशी बसली की अठराही पायऱ्या सातच्या होतात.

प्रत्यक्ष आखणीबद्दलही थोडं. टेप धरून सात, सात, सात अशा खुणा करत वर जायचं नाही. प्रत्येक खुणेला एक सूत चुकलं तर अठराव्या खुणेला अठरा सूत, म्हणजे सव्वादोन इंच चुकतं आणि ते सगळं शेवटच्या पायरीच्या माथी येतं. आधी पाण्याच्या नळीनं दोन्ही मजल्यांची लेव्हल एकाच भिंतीवर आणायची. तयार फरशीची खूण खाली, तयार फरशीची खूण वर. मधलं अंतर ओळंब्यात मोजायचं. मग सरळ लाकडी पट्टी घेऊन तिच्यावर ते पूर्ण अंतर उतरवायचं आणि त्याचे एकदम अठरा भाग करायचे. जुने सुतार असंच करत. इंचांत भाग नीट पडत नसेल तर बेलाशक मिलिमीटर घ्या. दहा फूट चार इंचांना अठरानं भागताना डोकं धरायची वेळ येते. तेच ३१५० मिलिमीटर म्हटलं, की १७५ बरोबर. पट्टीवरच्या खुणा भिंतीवर न्यायच्या, गुण्या लावून आडव्या रेघा ओढायच्या आणि सगळा जिना भिंतीवर आधी रंगाच्या दोरीनं काढायचा. घरच्यांनी तो त्या दिवशी येऊन पाहावा. त्या दिवशी बदल करायला खडू लागतो, आठवड्यानं ब्रेकर लागतो.

याच वेळी डोक्यावरची उंची पाहावी. संहितेत जिन्याखाली २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास मोकळी उंची सांगितली आहे. भिंतीवरच्या आखणीत प्रत्येक पायरीच्या नाकावरून सरळ वर मोजायचं आणि वरचा बीम किंवा स्लॅब किती वर आहे ते बघायचं. बीम आडवा येतो तो बहुधा चौथ्या-पाचव्या पायरीवर, आणि मग घरातल्या उंच मुलाला जन्मभर मान वाकवायची सवय लागते.

‘‘जिन्याखाली संडास काढा,’’ ही आणखी एक ठरलेली मागणी. आपल्या उदाहरणात मधला चौथरा ६३ इंचांवर येतो. त्यातून स्लॅब आणि फरशीचे साडेसहा इंच गेले, उरले साडेछप्पन. चार फूट साडेआठ इंच. त्यात माणूस उभा राहू शकत नाही. खालच्या फ्लाइटला बारा आणि वरच्याला सहा रायझर दिले तर साडेसहा फुटांच्या जवळपास उंची मिळते, पण खालची फ्लाइट लांबते आणि चौथऱ्यासह साडेबारा फूट लांबी लागते. बारापेक्षा जास्त पायऱ्या एका दमात मात्र कधीच देऊ नयेत. एवढी लांबी नसेल तर जिन्याखाली पाण्याचा पंप, इन्व्हर्टर आणि गणपतीच्या मखराचं सामान ठेवावं.

पायऱ्या सम की विषम, हा प्रश्न मला रायझरच्या उंचीपेक्षा जास्त वेळा विचारला जातो. कुणी लाभ-हानी मोजतं, कुणी इंद्र-यम-राजा म्हणत मोजतं. माझं यात भांडण नाही. एवढंच दाखवून देतो, की आपल्या अठरा रायझरच्या जिन्यात चौथरा धरून ट्रेड सतराच होतात, आणि वरची फरशी मोजली तर पुन्हा अठरा. ज्याला जे हवं ते मोजावं. मात्र आकडा जुळवण्यासाठी एक पायरी काढून टाकून बाकीच्या उंच करायच्या, याला माझा विरोध आहे.

सळयांचं एक सांगितलंच पाहिजे, कारण ते नंतर झाकलं जातं. उतरता स्लॅब चौथऱ्याला जिथं खालच्या अंगानं आत मुडपतो, त्या कोपऱ्यातून खालची सळई तशीच वाकवून नेली तर भार आल्यावर ती सरळ व्हायला बघते आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर येते. तिथं उताराची सळई सरळ पुढं वरच्या थरात न्यायची आणि चौथऱ्याची सळई तिला छेदून पलीकडं जाऊ द्यायची. ओतण्याआधी तुमच्या इंजिनिअरला तेवढा कोपरा दाखवायला सांगा.

पायरीला चकचकीत फरशी लावू नये. हॉलला शोभणारी टाइल ओल्या पायाला शत्रू. खरबरीत कोटा किंवा ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला तीन चरे, एवढं पुरतं. गच्चीचा उघडा जिना असेल तर प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला दोन सूत उतार द्या, नाहीतर पावसाळ्यात शेवाळ धरतं.

कठड्याची उंची पायरीच्या नाकापासून तीन फूट ते एक मीटर. वरची पट्टी मुठीत मावेल अशी, दीड ते दोन इंच गोल. हल्ली सहा इंच रुंद ग्रॅनाइटची टोपी घालतात. दिसते छान, पण पडणाऱ्या माणसाच्या हाताला ती धरता येत नाही. कठड्याच्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको, लहान मुलाचं डोकं जातं. आणि गज उभे घ्या. आडवे गज म्हणजे मुलांच्या दृष्टीनं शिडीच.

राहता राहिला उजेड. जिन्यात खिडकी शक्यतो चौथऱ्यावर, आणि दिव्याला दोन बटणं, एक खाली, एक वर, कुठूनही लागेल आणि कुठूनही विझेल असं. त्याची नळी भिंतीत प्लास्टरच्या आधी टाकावी लागते, म्हणून वायरमनला जिन्याच्या आखणीच्या दिवशीच बोलवा. वरचं बटण पहिल्या पायरीच्या अलीकडं हवं, पायरी उतरून दाबावं लागेल असं नको.